ओळख कोणाची, लक्ष कोणाचं?

रिसालीतल्या मराठी घरात आई ओरडते, 'लक्ष कुठंय तुझं?' तोच मुलगा हिंदी शाळेत 'लक्ष्य' शिकतो ते नेम किंवा उद्दिष्ट या अर्थाने. लक्ष द्यायला तिथे 'ध्यान' लागतं. भिलाईच्या पोलाद कारखान्याभोवतीच्या या वस्तीत दोन्ही भाषा एकाच जिभेवर नांदतात, त्यामुळे हा फरक सहज कानाला खटकतो.

धातू मात्र एकच: लक्ष्, म्हणजे न्याहाळणं, खूण करणं. 'लक्षण' असतं ते दिसणाऱ्याच्या अंगावर, आपलं 'लक्ष' असतं ते बघणाऱ्याच्या मनात. 'ओळखणे' हेही याच घरातलं. आधी 'उप' माना की 'अव', प्राकृतातून येताना दोन्हींचा 'ओ' होतो. 'क्ष'चा ख झाला आणि फल-फळाप्रमाणे ल चा ळ. धातूच असा दुहेरी म्हणून की काय, 'ओळख' हा शब्दही दोन्हीकडून चालतो. ओळखपरेडीत ओळखतो साक्षीदार, ओळख पटते ती आरोपीची.

ही दुहेरी ओळख प्रयोगशाळेतही भेटते. हान्स बर्गरने 1924 साली जर्मनीतल्या येना इथे माणसाच्या मेंदूतल्या विद्युतलहरी प्रथम नोंदवल्या. त्यांवरून माणूस ओळखायचा प्रयोग अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठात झाला, त्याचे निष्कर्ष 2016 साली आले. 50 जणांना 500 चित्रं दाखवली, प्रत्येक जेमतेम अर्धा सेकंद: पिझ्झाचा तुकडा, होडी, एखादा अवघड शब्द. चित्र ओळखताना उठलेल्या लहरींवरून संगणकाने सगळेच्या सगळे जण बरोबर ओळखले. म्हणजे इथे ओळखणाराच ओळखला जातो!

याला 'मेंदूचा ठसा' म्हणतात ते मला पटत नाही. ठसा झोपलेल्याचा घेता येतो, मेलेल्याचाही. इथे माणूस जागा हवा, त्याचं लक्ष हवं.

आपल्या वर्तमानपत्रांचं 'ब्रेन मॅपिंग' तर आणखी फसवं. त्यात मेंदूचा नकाशा काढायचा नसतो, आणि माणूस कोण हेही शोधायचं नसतं. संशयिताला गुन्ह्यातलं काही आठवतं का, एवढंच या लहरींवरून पाहायचं असतं. पुण्याच्या सत्र न्यायालयाने 2008 मध्ये एका खून खटल्यात अशा चाचणीचा आधार घेतला, तेव्हा परदेशातही चर्चा झाली. पुढे 5 मे 2010 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात निकाल दिला: संमतीवाचून कोणावरही ही चाचणी करता येणार नाही.