घोड्याचं एक बोट

टांग्याच्या घोड्याचा पुढचा पाय आठवा. ज्याला आपण गुडघा म्हणतो ते खरं तर त्याचं मनगट. त्याखाली तळव्याचं एकच लांब हाड, मग मधलं बोट. खूर म्हणजे त्या बोटाचं नख. जड स्नायू वर, अंगाजवळ. खालचा भाग हलका, म्हणून पाय झटपट मागेपुढे होतो. पण त्या लांब हाडाला दोन बाजूंनी दोन बारीक हाडं चिकटलेली असतात. ती कशाची?

१८७६ साली इंग्लंडचे थॉमस हक्सली अमेरिकेत येल विद्यापीठात गेले. घोड्याची वंशावळ युरोपातली, असं ते मानत. ऑथ्नील मार्श यांनी त्यांच्यापुढे अमेरिकेतले जीवाश्म मांडले: एका बोटाचे, त्याआधीचे तीन बोटांचे. ती बारीक हाडं म्हणजे बाजूच्या बोटांचे अवशेष होते. हक्सलींनी मत बदललं, न्यूयॉर्कची व्याख्यानंही बदलली. पुढच्या पायाला चार बोटं आणि पाचव्या बोटाचा अवशेष असलेला पूर्वज सापडेल, हे त्यांचं भाकीतही लवकरच खरं ठरलं.

यातूनच ती प्रसिद्ध आकृती आली: चार, तीन, एक. आम्हीही ती वर्षानुवर्षं फळ्यावर काढली आणि मुलांच्या मनात शिडी पक्की केली. प्रत्यक्षात ते झुडूप आहे. एका बोटाचे घोडे आल्यावरही तीन बोटांचे घोडे लाखो वर्षं सुखाने धावत होते. आपल्या शिवालिक टेकड्यांतही तीन बोटांच्या घोड्यांचे जीवाश्म मिळतात. त्यांना ‘अपुरा घोडा’ कसं म्हणायचं?

आणि अमेरिकेतला घोडा? तो तिथून सुमारे १०,००० वर्षांपूर्वी नाहीसा झाला. मार्श यांच्या काळी तिथे धावणारे घोडे युरोपीय लोकांनी जहाजांतून आणलेल्यांचे वंशज होते.