ग्रेपनेट

भारतातून युरोपीय संघात जाणाऱ्या ताज्या द्राक्षांची बागेपासून बंदरापर्यंत नोंद ठेवणारी आणि त्यांतील कीडनाशकांच्या अंशांवर लक्ष ठेवणारी संगणकीय प्रणाली. कृषी व प्रक्रियायुक्त खाद्यपदार्थ निर्यात विकास प्राधिकरणाने (अपेडा) ती २००६ मध्ये सुरू केली. तिची शास्त्रीय बाजू पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र (स्थापना १९९७) सांभाळते. शेतमालाचा माग थेट शेतापर्यंत काढण्याची अशी व्यवस्था भारतीय निर्यातीत प्रथम द्राक्षात उभी राहिली.

पार्श्वभूमी : महाराष्ट्रातील द्राक्षे युरोपात संघटितपणे पाठवण्याच्या कामात महाग्रेप्स (१९९१) ही सहकारी संस्थांची भागीदारी अग्रणी होती. सुरुवातीच्या वर्षांत मण्याचा आकार, गोडी आणि शीतसाखळी हेच प्रश्न मोठे होते. २००३ मध्ये नेदरलँड्समध्ये तपासलेल्या भारतीय द्राक्षांत मेथोमिल व ॲसिफेट यांचे अंश मर्यादेबाहेर आढळले आणि युरोपच्या शीघ्र इशारा यंत्रणेवर भारताचे नाव आले. नाव आले ते देशाचे. दोष नेमका कोणत्या बागेचा, हे खात्रीने सांगण्याची सोय नव्हती. नाशिक जिल्ह्यातील एका बागेतल्या फवारणीची झळ सांगली-सोलापूरच्या मालालाही बसू शकत होती. एरवी एकमेकांपासून बाग आणि गिऱ्हाईक दोन्ही लपवणारे निर्यातदार एकाच नोंदवहीत माल दाखवायला तयार झाले, त्यामागे सहकार्याच्या आवडीपेक्षा या सामायिक धोक्याचा वाटा मोठा मानावा लागतो. १ जानेवारी २००५ पासून युरोपीय संघात खाद्यपदार्थांच्या व्यापाऱ्यांना माल कोणाकडून घेतला व कोणाला दिला हे दाखवणे बंधनकारक झाले. भारतात द्राक्षांतील अंश तपासण्याची अंश नियंत्रण योजना त्याआधीच कागदोपत्री सुरू होती. ग्रेपनेटने ती संगणकावर आणली.

कार्यपद्धती : निर्यातीसाठी राखलेल्या प्रत्येक प्लॉटची नोंदणी राज्याच्या कृषी विभागाकडे होते व तिचे दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. बागायतदार फवारणीची वही ठेवतो; औषध, मात्रा, तारीख आणि काढणीपूर्व कालावधी (पीएचआय) तीत लिहिलेला असतो. तोडणीच्या आधी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा माणूस बागेत येऊन नमुना घेतो आणि निकाल प्रयोगशाळाच प्रणालीत भरते. बागायतदार किंवा निर्यातदार यांच्या हातून तो जात नाही, ही या रचनेतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पुढे अपेडामान्य पॅकहाउस, ॲगमार्क प्रतवारी आणि शेवटी वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र. प्रत्येक टप्पा आधीच्या टप्प्याशी जोडलेला असल्याने मधली कडी गाळून पुढचे प्रमाणपत्र निघत नाही. रॉटरडॅमच्या गोदामात एखाद्या पॅलेटमधल्या द्राक्षांबद्दल शंका आली, तर पॅलेटच्या क्रमांकावरून पॅकहाउस, तिथून तोडणी झालेला प्लॉट आणि प्लॉटवरून प्रयोगशाळेचा अहवाल असा उलटा प्रवास करता येतो.

अंतर्गत इशारा : नमुन्यात अंश मर्यादेबाहेर निघाला (बागायतदारांच्या बोलीत ‘प्लॉट फेल गेला’) की मांजरीच्या संशोधन केंद्रातील राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा अंतर्गत इशारा देते. तो संबंधित सर्वांना एकाच वेळी कळतो आणि त्या प्लॉटची युरोपची वाट बंद होते. काही दिवस थांबून फेरतपासणी करता येते. ती उत्तीर्ण झाली तर इशारा मागे घेतला जातो. नाही तर माल देशांतर्गत बाजारात किंवा बेदाण्याकडे वळतो. तपासणीचा खर्च बहुधा निर्यातदार करतो. तो शेवटी कोणाच्या भावातून वळता होतो, यावर बागायतदार आणि निर्यातदार यांचे एकमत नाही.

२०१० चे प्रकरण : प्रणालीच्या इतिहासातील ही सर्वांत बोलकी घटना. क्लोरमेक्वाट क्लोराइड (‘सीसीसी’, किंवा एका जुन्या व्यापारी नावावरून ‘लिहोसिन’) हे कीड मारणारे औषध नव्हे, तर वाढ रोखणारे रसायन आहे. एप्रिलमधील खरड छाटणीनंतर शेंडा थोपवून काडीत घडनिर्मिती व्हावी म्हणून ते वापरले जाई. त्यानंतर पावसाळा जातो, ऑक्टोबरची फळछाटणी होते, फुलोरा येतो, मणी धरतो आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडणी. इतक्या महिन्यांपूर्वीची फवारणी फळात उतरेल, असे बहुतेकांच्या मनातही नव्हते. परंतु हे रसायन वेलीच्या काष्ठात टिकून राहते आणि पुढच्या फळात येते. २०१० च्या हंगामात युरोपात ते आढळले. तेथील मर्यादा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम होती आणि भारतात तपासायच्या रसायनांच्या यादीत त्याचे नाव नव्हते. अनेक कीडनाशके एकाच वेळी शोधणाऱ्या नेहमीच्या पद्धतीतही ते हाती लागत नाही. त्याचा रेणू अत्यंत ध्रुवीय असल्याने नेहमीच्या सेंद्रिय द्रावकात तो उतरत नाही. त्यासाठी निराळे निष्कर्षण करावे लागते.

परिणामी विचित्र स्थिती झाली. प्रत्येक कंटेनरचा माग लागत होता, अहवाल खरे होते, तपासलेल्या सर्व रसायनांत प्लॉट उत्तीर्ण होते, आणि तरीही माल नाकारला जात होता. नुकसानीचे आकडे सांगणाऱ्यागणिक बदलतात. जबाबदारी यादी करणाऱ्यांची, शिफारस करणाऱ्यांची की फवारणाऱ्यांची, हा वादही तेव्हा रंगला. नंतर या रसायनाचा यादीत समावेश झाला, त्याच्या तपासणीची स्वतंत्र पद्धत बसवण्यात आली आणि यादीचा दर हंगामाला फेरविचार होऊ लागला. बागायतदार संघाच्या चर्चासत्रांतून व वृत्तपत्रांच्या शेतीपानांतून ‘रेसिड्यू’ (अंश) हा शब्द घरोघरी गेला.

मर्यादा : प्रणालीची दृष्टी एकाच दिशेने चालते. युरोपातील दुकानदाराला प्लॉटपर्यंत पोचता येते; बागायतदाराला मात्र आपला माल तिथे कोणत्या भावाने विकला गेला, किंवा दर्जाचे कारण देऊन कापलेली रक्कम खरोखर कशापोटी होती, हे तिच्यातून कळत नाही. शिवाय बंदर सुटल्यावर तिचे काम जवळजवळ संपते. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू झाल्यावर अनेक जहाजे सुएझ सोडून केप ऑफ गुड होपला वळसा घालू लागली आणि न्हावा शेवा ते रॉटरडॅम प्रवास साधारण दहा ते पंधरा दिवसांनी लांबला. शून्य अंश सेल्सिअस तापमानाच्या आसपास ठेवलेल्या, खोक्यात सल्फर डायऑक्साइड सोडणारा कागद घातलेल्या द्राक्षांनाही देठ सुकण्यापूर्वी पोचायची घाई असते. अंशांचा अहवाल निर्दोष असला, तरी सुकलेल्या देठाचा माल पडत्या भावाने जातो. त्या हंगामात उपयोगी पडले ते जहाज कंपनीकडून वेळेवर मिळालेली माहिती आणि कंटेनरमधील तापमानाची नोंद. ग्रेपनेटमध्ये या दोन्हींना जागा नाही.

विस्तार : याच धर्तीवर डाळिंबासाठी अनारनेट, आंब्यासाठी मँगोनेट व भाजीपाल्यासाठी व्हेजनेट आले, पुढे ते हॉर्टिनेट या छत्राखाली आणले गेले. आंब्याच्या बाबतीत प्रश्न रासायनिक अंशांचा नव्हता. फळमाशीमुळे युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून भारतीय आंब्यावर बंदी घातली होती. ती २०१५ च्या आरंभी उठली.

देशांतर्गत बाजार : ग्रेपनेटची नोंदणी व तपासणी येथे लागू नाही.