वऱ्हाडातलं कवेलू

आमच्या वऱ्हाडात दगड मुबलक, पण तो बेसॉल्ट. त्याचे पातळ पत्रे निघत नाहीत. म्हणून छप्पर मातीचंच. कुंभार नाल्याचा गाळ आणून त्यात राख, लीद मळायचा. चाकावर निमुळती नळी उठवायची, ओलेपणीच दोन बाजूंनी चिरा द्यायच्या; वाळल्यावर हलक्या टिचकीनं तिची दोन कवेलं व्हायची. मग भट्टी.

मेळघाटातलं सागवान मयाल-वाशांना, बांबू कमच्यांना. त्यावर तुराट्या आणि वर कवेलू : एक उताणं, त्याच्या सांध्यावर दुसरं पालथं. माझे आजोबा मृगाआधी दरवर्षी कवेलू फेरून घेत. वानरांनी फोडलेलं काढायचं, शाबूत तेच पुन्हा लावायचं.

1865मध्ये बासेल मिशननं मंगळूरला यंत्रावरची कौलं सुरू केली. 1867मध्ये अकोला-बडनेऱ्यावरून रेल्वे नागपूरला पोचली. पुढं हे यंत्रावरचं, म्हणजे इंग्रजी कौल आलं, मग टीन. फेरण्याची कटकट संपली, कुंभाराचं कामही गेलं.

टिनाखाली मे महिन्यात दुपारी बसवत नाही. कवेलूच्या फटींतून गरम हवा वर निघून जायची. अकोल्याचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो, तिथं नवं घरकुल बांधताना हे शहाणपण विचारात घ्यायलाच हवं.