चौदा पिलं आणि माझा हिशेब

आपल्या दांडिया बाजारातल्या वाड्यांच्या, सूरसागरच्या आठवणी इथे पुष्कळ येतात. आजची जरा वेगळी आहे.

बी.कॉम. मी बडोद्यालाच, सयाजीराव विद्यापीठात केलं. मग बँकेत लागलो आणि १९८३ साली गोव्यात, सासष्टीतल्या एका शाखेत बदली झाली. २ ऑक्टोबर १९८० पासून एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम देशभर सगळ्या तालुक्यांत लागू झाला होता. लहान शेतकऱ्याला २५ टक्के अनुदान, शेतमजुराला एक तृतीयांश, बाकीचं बँकेचं कर्ज. इतरत्र गाई-म्हशी, गोव्यात डुकरंसुद्धा. आईला पत्रात मी नुसतं 'पशुपालन' लिहायचो!

एका बाईंनी कर्जावर पांढऱ्या यॉर्कशायर जातीच्या दोन माद्या घेतल्या. गावठी काळ्या डुकरिणीला पिलं कमी होतात, ही विलायती जात एका वेतात दहा-बारा देते. कागदावर फायदाच फायदा. पाहणीला गेलो तर एक मादी रात्रीच व्यालेली. पिलं चौदा, सड बारा. थोड्याच दिवसांत प्रत्येक पिलू आपापला सड धरतं, मग दुसऱ्याला येऊ देत नाही. म्हणजे दोन उपाशीच. मी कॉमर्सवाला, सहज बोलून गेलो, "बाय, दोन गेली तरी हप्ता बसतो."

ती काही बोलली नाही. थोराड पिलं तिने टोपलीत झाकली, तोवर बारकी पिऊ दिली. पहिल्या दिवसाचा चीक सगळ्यांना मिळालाच पाहिजे, कारण डुकराच्या पिलाला रोगाशी लढायची ताकद आईच्या पोटात मिळत नाही, चिकातूनच मिळते. दुसरी मादी आदल्या दिवशी व्याली होती, तिला नऊच पिलं. दुसऱ्या दिवशी चौदातली दोन धट्टीकट्टी तिच्या पिलांत मिसळून, अंगाला एकच वास लागल्यावर पाजायला सोडली. धट्टीकट्टीच का? तर परक्या ठिकाणी बारक्याचा टिकाव लागत नाही.

दोन महिन्यांनी गेलो, तर तेवीसपैकी बावीस जिवंत. मी वही काढली तेव्हा बाई शांतपणे म्हणाली, "बाकीची बँकेची आणि भुशाची. ती दोन माझ्या पोराच्या शाळेची."

आमच्या फॉर्मात मरतुकीचा रकाना होता, तिच्या जागरणाचा नव्हता. माझं ते वाक्य आजही आठवलं की लाज वाटते. त्यानंतर पाहणीला गेलो की आधी विचारायचो, "वरची पिलं कशी जगवलीत?"

आपल्यापैकी कोणी त्या काळात ग्रामीण शाखेत होतं का? असाल तर जरूर लिहा.