पानदानाचा खर्च

पूर्वी लग्न ठरले की आपल्याकडे याद्या होत. दोन्हीकडची वडीलधारी मंडळी बसत, देणेघेणे ठरे, ते कागदावर उतरे आणि खाली सह्या होत. ज्या मुलीचे लग्न, तिची सही त्यावर नसे. मग पुढे कोणी शब्द फिरवला, तर तो कागद घेऊन तिला स्वतः कोर्टात जाता येईल का?

प्रश्न घरगुती वाटतो, पण इंग्लंडातल्या न्यायाधीशांनी त्याची उत्तरे बदलत नेली. सतराव्या शतकात एक बाप मुलीला पैसे देण्यासाठी आपली झाडे तोडायला निघाला होता. झाडे आपल्यालाच मिळणार म्हणून मुलगा म्हणाला, "तोडू नका, बहिणीला हजार पौंड मी देईन." बाप वारला आणि भावाने हात वर केले. बहिणीने दावा लावला व जिंकला. बाप-लेकीचे नाते कोर्टाला पुरेसे वाटले.

१८६१ साली वारे फिरले. विल्यम ट्वेडलच्या लग्नानंतर त्याच्या वडिलांनी व सासऱ्यांनी आपसात करार केला होता. सासऱ्यांनी दोनशे पौंड द्यायचे, वडिलांनी शंभर. विल्यमला दावा करता येईल, असेही त्यात स्पष्ट लिहिले होते! सासरे पैसे न देताच वारले. कोर्ट म्हणाले, मोबदला तू दिलेला नाहीस, तेव्हा तुला मागता येणार नाही.

भारतात १८७२ चा करार कायदा आला. त्यात मोबदला दुसऱ्या कोणी दिला तरी चालतो. पण करारात नसलेल्या माणसाला दावा करता येईल का, हे त्यात स्पष्ट म्हटलेले नाही.

आता हुसैनी बेगमची गोष्ट. १८७७ च्या ऑक्टोबरात ख्वाजा मुहम्मद खान यांनी तिच्या वडिलांशी करार केला की, सून घरी आल्यापासून तिला दरमहा ५०० रुपये 'खर्च-ए-पानदान' म्हणून देऊ. पानदानाचा खर्च, म्हणजे तिचा स्वतःचा हातखर्च. त्यासाठी काही मालमत्ताही बांधून दिली. नवरानवरी दोघेही अज्ञान होते. १८८३ मध्ये ती सासरी गेली. १८९६ मध्ये बिनसले, ती वेगळी राहू लागली. मग तिने थकलेली रक्कम मागितली. सासऱ्यांच्या बाजूने ट्वेडलचा निकाल पुढे केला गेला: करार दोघा व्याह्यांचा, तुझा त्यात काय संबंध?

प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले. १९१० चा निकाल सय्यद अमीर अली यांनी दिला. त्या न्यायसमितीवरचे ते पहिले भारतीय. त्यांचे म्हणणे असे की, जिथे अज्ञान मुलांची लग्ने आईबाप ठरवतात, तिथे इंग्लंडचा नियम तसाच लावला तर मोठा अन्याय होईल. शिवाय मालमत्ता तिच्यासाठीच बांधलेली होती आणि नवऱ्याच्या घरी राहण्याची अट करारात नव्हती. बेगम जिंकली.

मला या निकालाचे मोल वाटते ते असे. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बरोबरीने बसून सौदा करणारे दोन पुरुष होते. अमीर अलींनी बैठकीत नसलेल्या मुलीकडे पाहिले. तिला विचारले कोणी नव्हते, आणि तिने विचारायला सुरुवात केल्यावर तिलाच सांगायचे की तू तर परकी! हा न्याय कसला?

मूळ नियम मात्र गेला नाही. आपल्या सुप्रीम कोर्टाने १९६९ मध्येही तो मान्य केला. विश्वस्त निधी, कौटुंबिक व्यवस्था अशा बाबी अपवाद मानल्या. ज्या इंग्लंडातून नियम आला, तिथे १९९९ साली कायदा करून परक्यालाही बराच हक्क दिला. म्हणजे विल्यम ट्वेडलचा कागद तिथल्या पार्लमेंटने मान्य केला, पण १३८ वर्षांनी.

मुलांच्या नावाने, सुनेच्या नावाने आपण कितीतरी शब्द देतो. तो शब्द ज्याच्यासाठी, त्यालाही तो मागता यायला हवा. नाहीतर ती नुसती दोन व्याह्यांची गोड बोलणी.