पगार

'पगार झाला का?' हा प्रश्न ज्या शब्दावर उभा आहे, तो पोर्तुगीजांचा. त्यांच्या भाषेत 'पगार' हे क्रियापद: पैसे देणे, फेडणे. वसई 1534 ते 1739 त्यांच्याकडे होती, गोवा तर 1961 पर्यंत; त्या सहवासात शब्द इकडे आला. आपण त्या क्रियापदाचं नाम केलं, त्याला पुल्लिंग दिलं आणि मग त्याला प्रत्यय आणि शब्द जोडून त्याचं घरच वसवलं: पगारी, पगारदार, पगारवाढ, 'बिनपगारी फुल अधिकारी'. मुंबईच्या हिंदीतही तो रुळला.

आता शहरातल्या ऑफिसांत 'सॅलरी क्रेडिट झाली' ऐकू येतं. शब्दाबरोबर लिंगही बदललं. मात्र त्याच तोंडून, घरी आल्यावर, 'मावशींचा पगार द्यायचाय' असंच निघतं. सॅलरी बँकेत येते, पगार हातात दिला जातो. कामाची अशी प्रतवारी शब्दांतून होते, हे मला खुपतं.

गंमत अशी, की वेतनाला खुद्द पोर्तुगीज 'सालारिउ' म्हणतात. तो आणि 'सॅलरी' एकाच लॅटिन शब्दाची लेकरं. मूळ 'साल', म्हणजे मीठ. वेतन या अर्थाचा पगार मात्र आपल्याकडे घडला. तो मला मराठीच वाटतो.