ग्रीस जाळणारा उतार

सायकल ओव्हरऑइलिंगला टाकली की दुकानदार मागचं चाक काढायचा, छर्रे ताटलीत ओतायचा, रॉकेलने धुवायचा आणि बोटाने हबमध्ये नवं ग्रीस भरायचा. वर्षातून एकदा निघणारं हे काम. लहानपणी दुकानासमोर उकिडवं बसून मी ते अनेकदा पाहिलं आहे. म्हणूनच कॅलिफोर्नियातल्या एका डोंगरवाटेला नेमकं याच कामाचं नाव पडलंय हे कळलं, तेव्हा ती वाट न पाहताच ओळखीची वाटू लागली. नाव आहे ‘रिपॅक’. अर्थ एवढाच, की ग्रीस परत भरा.

सॅन फ्रान्सिस्कोकडे मुलाबाळांच्या घरी गेलेली आपली माणसं गोल्डन गेट पूल ओलांडून म्यूअर वुड्सचे रेडवुड पाहून येतात. तोच मरिन परगणा. तिथल्या टॅमलपायस डोंगराला उताराचा नाद जुनाच आहे. १८९६मध्ये त्यावर नागमोडी रेल्वे चढली, आणि पुढे इंजिन न लावता नुसत्या उताराच्या जोरावर प्रवाशांना म्यूअर वुड्सपर्यंत उतरवणारे डबे आले. रेल्वे १९३०मध्ये बंद पडली. तिची वाट राहिली, आणि वणव्याच्या वेळी बंब नेता यावेत म्हणून रानातून काढलेले मातीचे रस्तेही राहिले. ‘फायर रोड’ म्हणतात त्यांना.

१९७०च्या सुमारास या रस्त्यांवर तरुण पोरं जुन्या सायकली घेऊन उतरू लागली. सायकली कसल्या, खटारेच. त्यांचा शब्दही ‘क्लंकर’, म्हणजे खटाराच. श्विन कंपनीने १९३३मध्ये सव्वीस इंची चाकावर जाड, फुगीर टायर आणले होते. पेपर टाकणाऱ्या पोरांनी पदपथावर चढवल्या तरी मोडू नयेत, अशा दणकट सायकली त्या. त्या काळातल्या सायकलींचं वजन वीस किलोच्या आसपास. वर चढवायच्या तर टेम्पोसारख्या पिकअपमध्ये घालूनच. पण पातळ टायरची रेसिंग सायकल जिथे दगडावर आपटून रिम वाकवून घ्यायची, तिथे हा खटारा टिकून राहायचा.

अडचण एकच, ब्रेक. आपल्याकडे फारसा न दिसणारा तो प्रकार, पेडल उलटं दाबलं की मागच्या हबच्या पोटात घर्षण होऊन चाक थांबतं. सपाट रस्त्यावर उत्तम. पण फेअरफॅक्स गावामागच्या त्या उतारावर साधारण सव्वातीन-साडेतीन किलोमीटरमध्ये चारशे मीटर खाली यायचं असतं. माणूस आणि सायकल मिळून शंभर किलो धरले, तर त्या उतरणीत सुमारे चार लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. लिटरभर पाणी उकळून वर उरेल एवढी. काही वाऱ्यात जाते, काही खड्ड्यांत. राहिलेली जाते मुठीएवढ्या हबात. आतलं ग्रीस जळायचं, हबातून धूर निघायचा आणि तळाशी पोचेपर्यंत हब कोरडा पडायचा. मग पुढच्या फेरीआधी चाक काढा, हब उघडा, ग्रीस भरा. वाटेचं नाव कुणी ठरवून ठेवलं नाही. ते कामातून पडलं, आणि म्हणूनच पक्कं बसलं.

कोण जास्त वेगाने उतरतं हा वाद मिटवायला २१ ऑक्टोबर १९७६ रोजी पहिली शर्यत झाली. एक गजराचं घड्याळ, एक आरमारी क्रोनोमीटर, आणि एकेकट्याने सुटणारे मोजके स्पर्धक. न पडता खाली आला तो एकटा अ‍ॅलन बाँड्स, तोच जिंकला. चार्ली केलीने पुढे या शर्यती नेटाने चालवल्या. सगळ्यात कमी वेळेची नोंद गॅरी फिशरच्या नावावर आहे, ४ मिनिटं २२ सेकंद. वेंडी क्रॅग त्या टोळक्यात स्वतः सायकल हाणायची आणि फोटोही काढायची. ते दिवस आज आपल्याला डोळ्यांनी दिसतात ते बरेचसे तिच्यामुळे.

या सायकलीची बाकीची सगळी कथा म्हणजे त्या जळक्या हबाला दिलेली उत्तरं आहेत, असं मला वाटतं. रिपॅकच्या पहिल्या शर्यतीआधीच, डिसेंबर १९७४मध्ये, मिल व्हॅलीच्या एका शर्यतीत कूपर्टिनोहून आलेल्या तिघांच्या जाड टायरच्या सायकलींना चक्क गिअर होते. फिशरनेही आपल्या श्विनवर गिअर आणि मोटरसायकलचे ब्रेक-लिव्हर चढवले. आता खाली आलं तसं वरही स्वतःच्या पायांनी जाता येऊ लागलं. जुने सांगाडे मात्र तडकत होते. १९७७मध्ये जो ब्रीझने याच कामासाठी मुद्दाम नवा सांगाडा घडवला. ती ‘ब्रीझर’ आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. १९७९मध्ये फिशर आणि केली यांनी टॉम रिचीच्या सांगाड्यांवर धंदा मांडला आणि त्याला नाव दिलं ‘माउंटनबाइक्स’. नाव इतक्या झटकन लोकांच्या तोंडी गेलं की ते त्यांचं एकट्यांचं राहिलंच नाही. १९८१मध्ये जपानमध्ये बनवून घेतलेली ‘स्टम्पजंपर’ नावाची अशीच सायकल दुकानांत आली, आणि १९९६मध्ये अटलांटात हा खेळ ऑलिंपिकला पोचला.

रानवाटेवर पहिल्यांदा सायकल घातली ती मरिनच्या पोरांनीच, असं मात्र म्हणवत नाही. १८९७मध्ये अमेरिकी सैन्याच्या पंचविसाव्या पायदळातले कृष्णवर्णीय सैनिक मोंटानातल्या मिसूलाहून सेंट लुईसपर्यंत, तीन हजार किलोमीटर, सायकली हाकत, चिखलात खांद्यावर घेत गेले होते. त्यांचं नाव या कथेत यायलाच हवं. पण त्यांच्या सायकलीतून पुढची सायकल जन्मली नाही. रिपॅकवरच्या खटाऱ्यातून जन्मली.

आज तिथे जायचं तर आधी फेअरफॅक्समधलं सायकल संग्रहालय पाहावं, मग ओक आणि बे लॉरेलच्या झाडीतली ती वाट. टॅमलपायसच्या अरुंद पायवाटा बहुतेक सायकलींना बंद आहेत. चालणारे आणि घोडेस्वार यांच्याशी झालेल्या जुन्या भांडणांचं ते फळ. मोकळे आहेत ते मुख्यतः फायर रोड. तिथेही वेगाची मर्यादा ताशी पंधरा मैल, म्हणजे चोवीस किलोमीटर. फिशरचा त्या नोंदीतला सरासरी वेग याच्या जवळजवळ दुप्पट होता. नियमाने उतरलात तर साडेआठ मिनिटं लागतील, आणि मला विचाराल तर ती वाट तेवढी बघण्यासारखी आहेच.

खाली पोचल्यावर आजच्या सायकलीच्या ब्रेकची चकती तापलेली असते, तिला हात लावू नये. उष्णता आता तिथे, उघड्या वाऱ्यात जाते. पण चाकाच्या मधोमध, जिथे ग्रीस असतं, तिथे बोट टेकवून पाहावं. गार लागतं.